तुमच्या त्या वस्तीत मी जगेन का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोलरपंक कथा, म्हणजे सूर्याच्या ऊर्जेवर आणि निसर्गाशी जुळवून जगणाऱ्या चांगल्या भविष्याच्या कथा, लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही: ‘छान आहे हो सगळं, पण असं खरंच होऊ शकतं का?’

आधी माझी तक्रार ऐका. उद्ध्वस्त जगाची गोष्ट लिहिली की कुणी हिशेब मागत नाही. हुकूमशहाच्या लाखो कॅमेऱ्यांना वीज कुठून येते, त्याच्या सैन्याला धान्य कोण पुरवतं, याची चौकशी होत नाही. माणसं एकमेकांशी बरी वागतात असं लिहिलं, की मात्र लगेच पुरावे द्या. वाईटावर विश्वास आपोआप बसतो आणि चांगल्याने जामीन आणायचा, हा मला आजही अन्याय वाटतो.

बरं, हिशेब मला येतो. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, चांगलं पॅनेल त्यातल्या पाचव्या हिश्श्याची वीज करतं, आणि रात्री काहीच नाही. पण बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये सूर्याची उष्णता गोळा करून वापरणाऱ्या बायका रंगवल्या, त्या काही यंत्राचे नकाशे जोडून नव्हेत. ती कथा अजून वाचली जाते. त्यामुळे मी ठासून सांगायचे, कथेला आराखडा लागत नाही, ओढ लागते.

मग माझ्या कथेचं एक जाहीर वाचन झालं. माझ्या कथेतली वस्ती अशी: छपरांवर पॅनेलं, साठवलेलं पावसाचं पाणी, कारखाना एकही नाही, लागेल ते हातांनी बनवायचं. वाचून संपल्यावर एक गृहस्थ उठले आणि त्यांनी शर्टाची बाही वर सरकवली. दंडावरची शीर दोरखंडासारखी फुगलेली होती, तिच्यावर सुयांचे व्रण. म्हणाले, “मॅडम, तुमच्या या वस्तीत मी किती दिवस जगेन?”

मी म्हटलं, वस्तीत दवाखाना आहे.

“दवाखाना राहू द्या, पाण्याचं सांगा.” आणि आवाज न चढवता ते सांगत गेले. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. प्रत्येक वेळी शंभर-सव्वाशे लिटर पाणी, तेही आरओतून शुद्ध केलेलं, आणि शुद्ध करताना आणखी कितीतरी सांडून द्यायचं. मध्येच वीज गेली आणि बॅटरीही बसली, तर नर्सने हाताने पंप फिरवून यंत्रातलं रक्त परत अंगात सोडायचं. रक्त गाळणारी ती नळी, तिच्यातले केसाएवढे बारीक धागे, सगळं प्लास्टिकचं आणि निर्जंतुक. “ते हातांनी बनत नाही. तुम्ही कारखाना काढून टाकलात तेव्हा मलाही काढलंत. काढा, पण तसं लिहा तरी.”

मी म्हणाले, “ही कथा आहे, सरकारी योजना नाही.” काहींनी टाळ्या वाजवल्या. ते बाही खाली ओढून बसले. मला त्या टाळ्या अजून सहन होत नाहीत.

माझं उत्तर खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. कथा योजना नसतेच. पण त्यांनी वॅट आणि लिटर मोजायला सांगितलेच नव्हते. या सुखात मी मोजला गेलोय का, एवढंच त्यांना हवं होतं. थॉमस मोर यांच्या १५१६ च्या ‘युटोपिया’त, आदर्श राज्य रंगवणाऱ्या पुस्तकात, जनावरं कापायचं काम गुलामांकडे आहे, आणि ते तिथे लिहिलेलं आहे. रुकैयांच्या राज्यात पुरुष पडद्याआड आहेत, तेही उघड. वाचून राग येतो, पण किंमत कोण मोजतंय ते दिसतं, आणि दिसतं म्हणून ते जग खरं वाटतं. माझ्या वस्तीत किंमत कुणीच मोजत नव्हतं.

मग मी कारखाना आत घेतला. त्याच्यामागून रसायनं आली, दूरच्या शहरांशी व्यवहार आला, क्वार्ट्झपासून सिलिकॉन काढणाऱ्या भट्ट्या आल्या, खाणी आल्या. ज्यांना पहिली वस्ती आवडायची त्यांनी स्पष्ट कळवलं, की आता तिथे राहावंसं वाटत नाही. पूर्वीची मी त्यांच्याच बाजूने भांडते: राहावंसंच वाटलं नाही तर ही गोष्ट कशासाठी? तिला द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. खाणीत कोण उतरतं हे तर मी अजूनही मोघमच ठेवलंय.

सध्या एका बैठकीच्या प्रसंगाशी अडले आहे. ढगाळ आठवडा, बॅटऱ्या निम्म्या, आणि शीतगृह चालवायचं की डायलिसिसचं यंत्र, यावर वस्ती भांडतेय. यंत्राच्या बाजूने एकमत झालं असं लिहिलं तर मलाच पटत नाही. यंत्र थोड्या मतांनी हरलं असं लिहिलं तर ही वस्ती मी कशाला उभी केली? दोन्ही मसुदे टेबलावर आहेत. तुम्ही परत विचाराल तेव्हा त्यातला एक वाचून दाखवेन, कुठला ते ठरलेलं नाही.