तुम्ही विचारलंत म्हणून : शॉर्ट-स्केल बेसची ई तार चढी का लागते?

प्रश्न साधारण असा असतो : बेस गिटार ३० इंची, म्हणजे शॉर्ट-स्केल आहे, सॅडल (तार टेकते तो ब्रिजवरचा सरकता तुकडा) पार मागे नेलं, तरी ई तार (सगळ्यात जाड) बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) चढीच लागते. आता ब्रिज बदलायचा का?

ब्रिज राहू द्या, आधी तार बघा.

फेंडर प्रिसिजन बेसचं स्केल, म्हणजे नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल अशी तारेची लांबी, ३४ इंच. हॉफनरच्या व्हायोलिन बेसचं आणि फेंडर मस्टँगचं ३०, तर गिब्सनच्या ईबी मालिकेतल्या जुन्या बेसचं साडेतीस. तीच तार त्याच सुरात मिळवली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग ०.७८. म्हणजे ३४ इंचांवर असलेला ताण ३० इंचांवर २२ टक्क्यांनी घटतो. कंपन्यांचे ताणाचे तक्ते बहुधा ३४ इंचांसाठी असतात. त्यातल्या आकड्याला ०.७८ ने गुणा, म्हणजे तुमच्या बेसवरचा ताण मिळेल.

ताण कमी झाला की दोन गोष्टी बिघडतात. तार फ्रेटवर दाबताना ती थोडी ताणली जाते. मुळात ताण कमी असेल, तर तेवढ्याच ओढीने सूर जास्त चढतो. दुसरी गोष्ट ताठरपणाची. जाड तार सॅडलवर आणि फ्रेटवर लगेच वाकत नाही, टोकाशी थोडा भाग काठीसारखा ताठ राहतो. त्यामुळे कंप पावणारी लांबी मोजलेल्या लांबीपेक्षा कमी पडते. स्केल कमी होईल तसा हा परिणाम चौथ्या घाताने वाढतो : ३४ वरची तार ३० वर त्याच सुरात मिळवली की सुमारे १.६५ पट.

यावर लोक करतात काय, तर ढिली ई तार घट्ट व्हावी म्हणून जाड गेज (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) घेतात. हिशेब चुकीचा नाही. १०५ गेजचा ३४ इंचांवरचा ताण ३० वर हवा असेल, तर तार साधारण ११९ ची लागते. पण ताठरपणा मुख्यतः आतल्या गाभ्याच्या (ज्या तारेवर बाहेरची वेटोळी गुंडाळतात तिच्या) जाडीवर ठरतो. वजन वेटोळ्यांमधून वाढलं तर फायदाच. गाभा जाड झाला की सगळं मुसळ केरात. गोल गाभ्याच्या तारा षटकोनी गाभ्याच्या तारांपेक्षा सहसा लवचीक असतात. गाभ्याची जाडी पाकिटावर बहुधा छापत नाहीत, म्हणून सारख्या गेजच्या दोन तारा हातात घेऊन वाकवून बघणं हीच खरी परीक्षा. सुरुवात शॉर्ट-स्केलसाठीच बनवलेल्या ४५–१०० किंवा ४५–१०५ संचाने करावी. सॅडलवर फक्त गाभा टेकेल अशी निमुळती ई तारही मिळते. ती छान वाकते, पण टोकाला बारीक असल्याने सॅडल थोडं उचलावं लागतं. टेलपीसच्या (तार ब्रिजच्या मागे वेगळ्या तुकड्यात अडकते अशा) बेसवर मात्र तिचं निमुळतं टोक सॅडलच्या मागेच संपू शकतं, मग उपयोग शून्य.

लांबीची चूक त्याहून महाग पडते. स्केल मोजून तार घेऊ नका; तारेच्या टोकाचा गोळा जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंतचं अंतर मोजा. पूर्ण जाडीचं वेटोळं नट ओलांडून गेलंच पाहिजे, आणि खुंटीवर गुंडाळायच्या आत ते निमुळतं व्हायला हवं. ई ची खुंटी नटच्या सगळ्यात जवळ, त्यामुळे तिथे जागा सगळ्यात कमी. टेलपीस असलेल्या किंवा तार अंगातून ओवलेल्या ३० इंची बेसला कित्येकदा मीडियम-स्केलचा, म्हणजे थोडा लांब, संच लागतो, तो याचमुळे. लाँग-स्केलची तार कापून बसवली तर जाड वेटोळं खुंटीवर येतं, खाचेत मावत नाही किंवा तिथेच तुटतं. फ्लॅटवाउंडच्या (चपट्या फितीने गुंडाळलेल्या तारांच्या) बाबतीत तर हा प्रयोग करूच नका. गोल गाभ्याची तार आधी काटकोनात मोडून मगच कापा, नाहीतर वेटोळी सुटतात आणि तार मेल्यासारखी वाजते.

आता सूर बसवणं. तारा नव्या हव्यात. मळ भरलेल्या तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही. बसवताना पीळ पडला असेल तर तार सैल करून तो काढा. मग सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे बोटाने हलकेच दाबा, म्हणजे तार तिथे नीट वाकून बसेल. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२५ ते ०.४ मिमी फट राहील असा ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई) लावा. बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची अडीच मिमीच्या आसपास ठेवा. पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतं आणि सूर डगमगतो. ई च्या बाजूने तो खाली घ्या.

फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच सूर चढत असेल, तर दोष नटच्या खाचेचा. ती उथळ आहे. सॅडल कितीही फिरवलं तरी हे सुधारत नाही.

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती शिवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवायची पद्धत सर्वांना माहीत असते. ताठ तारेवर ती फसवते, कारण हार्मोनिक स्वतःच किंचित चढा असतो. त्यापेक्षा मोकळी तार ट्यूनरवर अचूक लावा, मग बारावा फ्रेट दाबून बघा. वाजवताना जेवढा जोर लावता तेवढ्याच जोराने छेडा. ढिली तार जोरात छेडली की सुरुवातीला सूर वर जातो. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरला असेल तर पुढे. सॅडल हलवण्याआधी तार सैल करा, हलवल्यावर पुन्हा मिळवा. ३० इंची स्केलवर १ मिमी म्हणजे सुमारे २.३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ई तार १० सेंट चढी असेल तर जवळजवळ साडेचार मिमी मागे जायला हवं, आणि इथेच बऱ्याच ब्रिजची जागा संपते.

जागा संपली, तर सॅडलच्या स्क्रूवरची स्प्रिंग काढा किंवा अर्धी कापा. तारेचा दाब सॅडलला जागेवर धरतो. सॅडलचा माथा एका बाजूला असेल तर ते उलटं फिरवून १-२ मिमी मिळतात. हॉफनरच्या लाकडी ब्रिजवर फ्रेटच्या तारेचे तुकडे खाचांत बसवलेले असतात. तिथे ई चा तुकडा मागच्या खाचेत टाकायचा, नंतर अख्खा ब्रिज सरकवायचा. सरकवण्याआधी त्याची मूळ जागा चिकटपट्टीने खूण करून ठेवा.

एवढं करूनही बाराव्यावर ४-५ सेंट चढं उरलं, तर मोकळी ई एक-दोन सेंट उतरी ठेवा आणि तिसऱ्या ते सातव्या फ्रेटवर सूर तपासा. ई तारेवरचं बहुतेक वाजवणं तिथेच होतं.