राडारोडा प्लॉटबाहेर गेला की महाग पडतो

पुण्यात राडारोडा, मुंबईत डेब्रिज, नागपूरकडे मलबा. नाव कुठलंही घ्या, घराच्या अंदाजपत्रकात त्याची ओळ बहुधा नसतेच. पाडकाम असतं, खोदाई असते, आणि मग रस्त्यावर आलेला ढीग बघून शेजारी कुरकुरायला लागले की जो पहिला डंपरवाला येईल त्याच्या भावाला मान डोलवावी लागते. तोवर वीट, माती, पीओपी, जुनं लाकूड, प्लास्टिकची नळी असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. असा कालवलेला माल फुकटसुद्धा कोणी घेत नाही. हाच माल वेगवेगळा काढला असता तर निम्म्याहून जास्त प्लॉटवरच खपला असता आणि थोड्याचे पैसेही आले असते. राडारोड्याचा खर्च पाडायच्या आधी ठरतो, नंतर फक्त भरावा लागतो.

दर गावागणिक बदलतात, म्हणून इथे हिशेब ब्रासमध्येच करू. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ६०० चौरस फुटांचं, एक मजली, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब असलेलं जुनं घर धरा. पाच इंची स्लॅब झाला २५० घनफूट. बाहेरच्या नऊ इंची आणि आतल्या साडेचार इंची भिंती, दारं-खिडक्या वजा करून आणि प्लास्टर धरून, साधारण ८९० घनफूट. फरशी आणि तिच्याखालचा तीन इंची थर १३५. मिळून पावणेतेरा ब्रास. पण हे उभ्या घराचं माप. फुटलेला माल फुगतो, तुकड्यांमध्ये पोकळी राहते. म्हणून या आकड्याला १.४ ने गुणायचं. ढीग अठरा ब्रासचा होतो, म्हणजे दोन ब्रासच्या डंपरच्या नऊ खेपा. ‘चार-पाच गाड्यांत उरकेल’ हा अंदाज नेमका इथेच फसतो.

आता दुसरी बाजू. त्याच जागी ८०० चौरस फुटांचं नवं घर, जोतं दोन फूट उंच. वरचा पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट), सोलिंग (दगडांचा थर) आणि मुरमाचा थर सोडला तर आत सव्वा फूट भर लागते. दाबून बसवलेली १००० घनफूट भर करायला बारा-तेरा ब्रास सुटा राडारोडा जातो. म्हणजे अठरातला दोनतृतीयांश माल जोत्यातच जिरला, त्याच्या वाहतुकीचे पैसे वाचले आणि तेवढा मुरूम विकत घ्यावा लागला नाही. बचत दोन्हीकडून.

पण जोत्यात सरसकट काहीही ढकलून चालत नाही आणि बहुतेक तक्रारी याच ढकलण्यातून येतात. लाकडाचे तुकडे, भुसा, जुन्या चौकटींचे खुंटे आत राहिले की वाळवीला आयतं घर मिळतं. मग वर कितीही वाळवीरोधक औषध मारा. पीओपी आणि जिप्समचे तुकडे ओलाव्यात मऊ पडतात, शिवाय त्यातलं सल्फेट सिमेंटला खातं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मग फरशीला लाट येते किंवा सांधे उघडतात. लोणा लागलेल्या विटा आत गेल्या तर त्यांतले क्षार ओलाव्याबरोबर वर चढून नव्या भिंतीच्या तळाशी पांढरे डाग उमटवतात. काँक्रीटचे मोठे तुकडे तसेच टाकले तर त्यांच्याखाली पोकळी राहते, आणि वर्षभराने फरशी ठोकून पाहिली की पोकळ आवाज येतो. म्हणून मुठीएवढ्या किंवा फार तर चार इंची तुकड्यांपर्यंत फोडायचं. थर सहा ते नऊ इंचांचा ठेवायचा, त्यावर बारीक चुरा किंवा मुरूम पसरून फटी भरायच्या, पाणी मारायचं आणि धुम्मसने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचं. थर बसला की मगच पुढचा. सव्वा फूट एकदम भरून वरून पाणी सोडायचं आणि ‘आपोआप बसेल’ म्हणायचं, हा प्रकार फार चालतो. बसतं खरं, पण फरशी घातल्यावर.

जागेची अडचण मात्र खरी आहे. बारा-तेरा ब्रासचा चार फूट उंच ढीग, बाजूचे उतार धरून, सव्वाचारशे-साडेचारशे चौरस फूट अडवतो. त्यात पायाची खोदाई. पाच बाय पाच बाय पाच फुटांचे बारा खड्डे म्हणजे जागेवर पंधरा ब्रास, आणि उपसल्यावर फुगून एकोणीस. दोन्ही ढीग दीड गुंठ्यावर मावत नाहीत. अशा वेळी कुठला माल आधी बाहेर घालवायचा ते ठरवा. काळी माती असेल तर ती आधी, कारण ती तुमच्या कामाची नाही, पण शेतकऱ्याच्या किंवा बागेच्या कामाची आहे आणि बऱ्याचदा फक्त भरणी-वाहतुकीत जाते. मुरूम लागला असेल तर तो हलवू नका, खड्डे बुजवायला तोच लागणार आहे. उरलेला मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा असेल तर आधी तलाठी किंवा तहसील कार्यालयात विचारा. मुरूम हे गौण खनिज आहे आणि परवान्याशिवाय गाडी अडवली गेली तर दंड मातीच्या किमतीशी काही ताळमेळ ठेवत नाही. शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर मालकाची परवानगी कागदावर घ्या. तोंडी परवानगी पहिला पाऊस पडेपर्यंतच टिकते.

पाडण्याचा क्रम घर बांधण्याच्या उलटा. आधी दारं-खिडक्या चौकटींसह, मग ग्रिल, वायर, नळ, जीआय पाइप. मग पीओपी आणि छतातली प्लायवूड, ती गोण्यांत भरून बाजूला. मग स्लॅब, भिंती आणि शेवटी फरशी. सागवानी चौकटी, मंगलोरी कौलं, शहाबादी फरशी यांना गिऱ्हाईक असतं, पण अखंड मालाला. जेसीबीने एकदम लोटलेल्या घरातून यातलं काहीच हाती लागत नाही. पाडकाम दोन दिवस लवकर संपतं आणि ढिगात सगळं कालवलं जातं.

सळईचा हिशेब स्वतः करा. जुन्या स्लॅबमध्ये चौरस फुटाला साधारण पाऊण ते एक किलो लोखंड असतं, म्हणजे ६०० चौरस फुटांत साडेचारशे ते सहाशे किलो. तुळया-कॉलम वेगळे. पाडकामवाले ‘तोडून देतो, भंगार आमचं’ असा सौदा टाकतात. तो वाईटच असतो असं नाही, पण गावातला भंगाराचा त्या दिवसाचा दर विचारून गुणाकार केल्याशिवाय हो म्हणू नका. जुन्या वाड्यात सागवान भरपूर असेल तर हिशेब उलटतो. तिथे पाडणाऱ्यानेच मालकाला पैसे द्यायचे असतात.

विटांचं असं आहे, की चुन्यात बांधलेल्या भिंतीतली वीट दोन टोल्यांत स्वच्छ सुटते, सिमेंटच्या मसाल्यातली तुटते. चुन्यातल्या विटा साफ करून घ्या, दोन एकमेकींवर वाजवून खणखणीत आवाज येणाऱ्या तेवढ्या ठेवा आणि कंपाउंड किंवा बागेच्या कठड्याला वापरा. सिमेंटमधल्या विटा साफ करायला बिगारी बसवला तर मजुरी नव्या विटेच्या वर जाते. त्या सरळ भरीत घाला.

जुने सिमेंटचे पत्रे निघाले तर थांबा. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि ते फुटताना उडणारे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. पत्रे ओले करून, हूक कापून, अखंड उतरवा. फोडून भरीत घालू नका आणि ढिगावर टाकूनही देऊ नका.

जे शेवटी बाहेरच न्यायचं, त्याचा सौदा खेपेवर न करता मापावर करा. ‘दोन ब्रासची गाडी’ म्हणजे काय ते टेपने मोजा. हौदा आतून बारा बाय सात फूट आणि उंची दोन फूट असेल तर १६८ घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रासही नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली दहा बाय सहा बाय दोन असेल तर सव्वा ब्रासच्या आसपास. अरुंद गल्लीत ट्रॉलीच परवडते, डंपर वळवण्यातच तास जातो. जेसीबीच्या पुढच्या बकेटमध्ये साधारण ०.४ ब्रास माल येतो, म्हणजे डंपर पाच-सहा बकेटांत भरतो. वेळ भरण्यात जात नाही, गाडी खाली करून परत येण्यात जातो, आणि तेवढा वेळ जेसीबीचं मीटर चालूच असतं. म्हणून एका जेसीबीमागे टाकण्याच्या जागेच्या अंतराप्रमाणे दोन-तीन गाड्या लावा, नाहीतर माल साठवून एकाच दिवशी उचला. हे काम जूनच्या आधी आटपलं तर उत्तम. भिजलेला राडारोडा जड होतो, आणि काट्यावर वजन होणार असेल तर तुम्ही पाण्याचेही पैसे भरता.

न्यायचं कुठे? पुणे महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला. मुंबईसाठी दहिसरच्या कोकणीपाड्याला आणि शिळफाट्याजवळ डायघरला प्रकल्प आहेत, आणि महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. तिथे काँक्रीट-विटा दळून खडी, कच आणि ब्लॉक बनतात. प्रकल्पावर टाकल्याची पावती घ्या आणि जपून ठेवा. बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या नियमांप्रमाणे कचरा ज्याचा, जबाबदारी त्याची. नदीपात्रात किंवा खाडीत पहाटे खाली झालेल्या मालात तुमच्या पत्त्याची पाकिटं सापडली तर ‘ठेकेदाराने टाकलं’ हे उत्तर पुरत नाही. जो भाव बाजारापेक्षा फारच कमी आहे, त्यातली गाडी बहुधा प्रकल्पापर्यंत जातच नाही.

खडी-वाळूच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ पासून दळलेल्या काँक्रीटची खडी मर्यादित वापरायला परवानगी दिली आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या (एम हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्के, आणि एम-१५ च्या खालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण. याचा अर्थ घरी हातोड्याने फोडलेली खडी स्लॅबला वापरा असा नाही. घरगुती कामात पायाखालच्या पीसीसीपर्यंत ठीक, त्यापुढे इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

नव्या बांधकामातला कचरा लहान, पण रोजचा. प्लास्टर करताना भिंतीच्या पायथ्याशी प्लास्टिक किंवा गोणपाट अंथरलं तर पडलेला मसाला स्वच्छ राहतो आणि पाणी घातल्यापासून अर्ध्या तासाच्या आत परत वापरता येतो. जमिनीवरच्या धुळीत पडला की गेला. सळईचे तुकडे फेकू नका, स्लॅबच्या वरच्या जाळीला आधार देणाऱ्या खुर्च्या त्यांच्याच होतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या चारशेच्या घरात निघतात, त्यांतल्या शंभर-दीडशे राडारोडा भरायला ठेवून बाकीच्या विकून टाका.

फ्लॅटमध्ये नूतनीकरण करणाऱ्यांना गोणीचं गणित वेगळं पडतं. ५०० चौरस फुटांची फरशी थरासकट उखडली की पावणेदोन ब्रास माल निघतो, म्हणजे पस्तीस किलोच्या सुमारे दोनशे गोण्या आणि सात टन वजन. छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाची, त्यामुळे नऊ-दहा खेपा. (टेम्पोवाला चाळीस गोण्या चढवतो, तो भाग वेगळा.) जुनी फरशी कुठे पोकळ वाजत नसेल तर तिच्यावरच ॲडेसिव्हने नवी बसवावी. पातळी अर्धा-पाऊण इंच वर येते, दारं तासावी लागतात, पण सात टन जिन्याने उतरवणं टळतं.

राहिले विटांचे तुकडे आणि टाइल्सच्या कपच्या. हे दोन्ही गच्चीसाठी राखून ठेवा. ब्रिकबॅट कोबा म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, त्याला तुकडेच लागतात: ८०० चौरस फुटांच्या गच्चीला सरासरी चार इंच जाडी धरली तर मसाला वजा जाता पावणेदोन-दोन ब्रास. बांधकामात फुटणाऱ्या विटांतून त्याचा तिसरा हिस्सा निघतो, तेवढंच विकत आणणं कमी. तुकडे पक्क्या भाजलेल्या नव्या विटांचेच हवेत, प्लास्टर चिकटलेले जुने नकोत, आणि वापरण्याआधी नीट भिजवलेले. कोरडा तुकडा मसाल्यातलं पाणी ओढतो आणि कोबा तडकतो. कोब्यावर चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या कपच्यांचा थर, करायचं तर सिरॅमिकच्या कपच्या घ्या. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, तिचे तुकडे साध्या सिमेंटवर धरत नाहीत, ॲडेसिव्ह लागतं. गच्चीचं काम सगळ्यात शेवटी येतं आणि तोवर साइट साफ करणारा मजूर पहिला हात याच ढिगाला घालतो. म्हणून तुकडे वेगळ्या गोण्यांत भरा, तोंडं बांधा आणि वर रंगाने ‘गच्ची’ असं लिहून जिन्याखाली सरकवून ठेवा.