प्रेस्टीन: एका मुलीच्या थडग्यावरचे दोन दगड

आईला वेल्स दाखवायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यात किल्ले आणि डोंगर होते. पहिला दिवस सीमेअलीकडच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, लडलोच्या किल्ल्यात गेला आणि तिथल्या पायऱ्यांनी आईचे गुडघे धरले. प्रेस्टीन या वेल्सच्या सीमेवरच्या छोट्या गावात आम्ही थांबलो ते एका रात्रीच्या मुक्कामापुरते. पण परत येऊन आठवडा झाला, किल्ला विसरले, आणि त्या गावातलं एक थडगं काही मनातून जात नाही.

गाव म्हणाल तर दोन रस्त्यांचं. हाय स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट जिथे मिळतात तिथे १८६५ सालचा घड्याळाचा मनोरा. ब्रॉड स्ट्रीट उतरत गेलं की उजवी-डावीकडे जुनी घरं, मग चर्च, मग लग नदीवरचा दगडी पूल. नदीच्या अलीकडे वेल्स, पलीकडे इंग्लंड. आई पुलावरून पलीकडे जाऊन आली आणि म्हणाली, "एवढंच? पाटीसुद्धा वाचायला मिळाली नाही तोवर देश बदलला!" हाय स्ट्रीटवर १६१६ सालचं रॅडनरशायर आर्म्स हे जुन्या सराईचं घर आहे, काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंतींचं. तुळया इतक्या वाकड्या की आईला वाड्यातलं माजघर आठवलं. मी मात्र थंडीने कुडकुडत होते. एप्रिल म्हणजे वसंत, हे या देशात कुणीतरी वाऱ्यालाही सांगायला हवं.

ब्रॉड स्ट्रीटवरच 'जजेस लॉजिंग' आहे. रॅडनरशायर हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता आणि प्रेस्टीनला त्याचं कोर्ट भरायचं. फिरतीवर येणाऱ्या न्यायाधीशाची राहायची सोय आणि कोर्ट, दोन्ही एकाच छपराखाली. इमारत १८२९ साली पुरी झाली. आता संग्रहालय आहे, पण काचेआडून बघा, हात लावू नका, असला प्रकार नाही. खुर्चीवर बसा, पुस्तक उघडा, चालतं. गॅसबत्त्या खरोखरच्या जळतात. वर जज्जसाहेबांची झोपायची खोली, जेवणाचं लांबलचक टेबल, जाड पडदे. मग अरुंद जिना उतरून खाली स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या. वरच्या मऊ पिवळ्या उजेडातून खाली आलं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. आई बिडाच्या शेगडीसमोर बराच वेळ उभी राहिली. "दिवसभर इथे उभं राहणाऱ्या पोरींचं काय होत असेल," एवढंच म्हणाली. शेवटी कोर्टात गेलो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहता येतं. मी उभी राहिले आणि लगेच उतरले.

मेरी मॉर्गनचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिचा खटला या इमारतीत चालला नाही, कारण तो १८०५ सालचा, इमारतीच्या बराच आधीचा. पण खालचं स्वयंपाकघर बघून आल्यावर तिची गोष्ट ऐकली तेव्हा मला तीच शेगडी दिसत राहिली. मेरी ग्लासबरीजवळच्या माएस्लुख किल्ल्यात स्वयंपाकघरात हाताखालचं काम करायची. सप्टेंबर १८०४ मध्ये ती आपल्या खोलीत एकटीच बाळंत झाली आणि ते बाळ तिने मारलं. खटला प्रेस्टीनला चालला. ज्युरीत सगळे पुरुष, तेव्हा दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. दोनच वर्षं आधी, १८०३ साली कायदा बदलला होता. खून सिद्ध झाला नाही तर बाळाचा जन्म लपवला एवढ्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, अशी वाट त्यात ठेवली होती. मेरीच्या वाट्याला ती आली नाही. ११ एप्रिलला जज्ज जॉर्ज हार्डिंज यांनी शिक्षा सुनावली, १३ एप्रिलला फाशी. वय सतरा.

सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात तिचे दोन दगड आहेत. चर्चमध्ये सोळाव्या शतकातला फ्लेमिश विणकामाचा मोठा पडदा आहे, जेरुसलेममध्ये येणारा येशू त्यावर विणलाय, आणि तो सुंदर आहे. पण मी तो धड पाहिलाच नाही, कारण आम्ही आधी बाहेर गेलो.

पहिला दगड अर्ल ऑफ एल्सबरी या उमरावाने उभारलेला. लांबलचक मजकूर. ती तरुण होती, सुंदर होती, स्वभावाने चांगली होती, पण धर्माचा उजेड नसल्यामुळे पाप आणि लाज यांना बळी पडली. आणि दयाळू जज्ज हार्डिंज यांच्या ओघवत्या, माणुसकीच्या बोलण्यामुळे तिला पहिल्यांदा अपराधाची जाणीव झाली. मी आईला एकेक ओळ मराठीत सांगत होते. 'दयाळू' म्हटल्यावर आईने मला थांबवलं.

"कोण दयाळू?"

"जज्ज, आई. ज्याने फाशी दिली तो."

"आणि बाळाचा बाप कुठाय?"

या दगडावर तो नाही. कोर्टापुढेही तो कधी उभा राहिला नाही. तिच्या थडग्यावर तिला फासावर चढवणाऱ्याची स्तुती कोरायची, हे मला सहनच झालं नाही. एका मेलेल्या पोरीला दगडाखालीही धडा शिकवायचा!

दुसरा दगड जवळच आहे, लहान. मेरी मॉर्गन, १३ एप्रिल १८०५, वय वर्षं १७. आणि खाली बायबलमधलं एकच वाक्य: तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने तिच्यावर पहिला दगड टाकावा. बस. ज्याने कुणी हा दगड उभा केला त्याने समोरच्या दगडाला उत्तर दिलंय, असंच मला वाटलं. आईने ते वाक्य दोनदा सांगायला लावलं. मग शालीचं टोक तोंडावर धरून थोडी लांब जाऊन उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले नाही.

रात्री आठला चर्चची घंटा वाजली. १५६५ साली जॉन बेडोज नावाच्या व्यापाऱ्याने रोज संध्याकाळी ही घंटा वाजवण्यासाठी जमीन देऊन ठेवली, आणि गाव ते अजून पाळतंय. आमच्या खोलीतला हीटर रात्री नऊलाच बंद झाला. मालकांना सांगितलं तर त्यांनी आणखी एक पांघरूण दिलं. पैसे पूर्ण घेतले, हे मला लागलं.

सकाळी बसस्टॉपवर आईने सातारला मावशीला फोन लावला. किल्ला नाही, पूल नाही, थेट मेरी. "अगं सतरा वर्षांची पोर, लोकांच्या घरी स्वयंपाकाला होती..." बस येईपर्यंत बोलत होती. स्वयंपाकघर सांगितलं, शेगडी सांगितली, एकटीनं केलेलं बाळंतपण सांगितलं, तो लहान दगड सांगितला. जज्जाचं नाव तिने एकदाही घेतलं नाही.