गोळीचा खाडा

दुधाचा खाडा पडला तर कोऱ्या चहावर भागतं. आमच्या घरात गोळीचा खाडा पडतो, आणि तो कशावरच भागत नाही.

परवा रात्री अडीच वाजता जाग आली. हे पलंगाच्या कडेला बसून डाव्या पायाची बोटं चोळायला वाकले होते. तो पाय गुडघ्याखाली नाही. २००३ पासून नाही. हात नुसत्या चादरीला लागला आणि हे तसेच वाकलेले राहिले. मी दिवा लावला नाही. लावला की "काही नाही, झोप तू" एवढंच ऐकायला मिळतं, आणि पुढची दुखणी मग दात आवळून सोसली जातात.

हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचे, खडकीचे. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, फौजा सीमेवर गेल्या, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. राजस्थान, पंजाब, जम्मू, सगळीकडे सीमेलगतच्या शेतांत आणि वाळूत सुरुंग पेरले गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं, पण पेरलेलं एकेक करून काढायचं काम उरलंच होतं, आणि ते सॅपर्सचं. वाळू सरकते तसा सुरुंगही जागा सोडतो. नकाशावर जिथं काही नव्हतं तिथं यांचा पाय पडला. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. सरपंचांच्या घरी निरोप आला तेव्हा मी धाकटीला न्हाऊ घालत होते.

पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात यांना पाय मिळाला. हे केंद्र १९४४ पासून आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांपासून. तिथल्या लोकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. हे चालू लागले, सायकल चालवू लागले, पुढं शेतात पाणीही धरू लागले. गावानं सत्कार केला. सगळ्यांच्या लेखी गोष्ट तिथं संपली.

दुखणं मात्र कापून टाकलेल्या पायातच राहिलं. हे सांगतात, बोटं आत वळून तळव्यात रुततात, ओला बूट दोन नंबरांनी लहान असावा तसं. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी उतारा टाकला होता. "बाहेरचं काहीतरी आहे" असं भावकीत बोललं जायचं. पुढं एका डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं: पाय गेला तरी मेंदूत पायाची जागा तशीच असते, तुटलेल्या नसा चुकीचे निरोप पाठवत राहतात, आणि मेंदू त्या निरोपांना दुखणं समजतो. याला फँटम पेन म्हणतात. यात भास काही नाही, दुखणं खरंच होतं. त्या दिवशी हे बाहेर बाकावर बसून रडले. त्यांना रडताना मी लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं.

आरशाचा उपायही आम्ही करतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो पुढे आणला, हे मला फिजिओथेरपिस्टताईंनी सांगितलं. कपाटाचा उभा आरसा दोन पायांच्या मधे आडवा धरायचा आणि उजवा पाय हलवत आरशात बघायचं. डावा पाय आहे, मोकळा आहे, बोटं उघडतायत असं दिसतं. संध्याकाळी पंधरा मिनिटं केलं की यांना थोडं सैल वाटतं. पण रात्रीचं दुखणं आरशाला ऐकत नाही. त्याला गोळीच लागते.

गोळी म्हणजे प्रीगॅबालिनची कॅप्सूल, सकाळी एक, रात्री एक. सोबत झोपताना अमिट्रिप्टिलिनची बारीक गोळी. नसांच्या दुखण्याला हीच औषधं देतात. साध्या पॅरासिटामॉलचा यावर काही इलाज चालत नाही. ही मिळाली की माणूस पाच तास सलग झोपतो. मिळाली की, म्हणजे माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर साठा असला की. माजी सैनिकांची ही वैद्यकीय योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. आमच्यासारख्या हजारो घरांना तिचाच आधार आहे, आणि म्हणूनच मी हे लिहायला बसले. चिठ्ठीवर औषधासमोर "एनए", म्हणजे शिल्लक नाही, असा शेरा पडतो. "काकू, पुढच्या आठवड्यात बघा." पुढच्या आठवड्यात गेलं की निम्मीच मिळतात. जायला यायला एसटीचे चार तास, आणि तो पाय लावून एसटीची पायरी चढायची.

खिडकीवरच्या मुलाला हे कोणी सांगितलेलं नसावं, की ही कॅप्सूल एकदम बंद करता येत नाही. कमी करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू. एकदम तुटली की घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते, जीव कावराबावरा होतो. दुखणं वेगळंच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं यांना हृदयाचा त्रास होतोय. बाहेरून विकत घेऊन बिलं जोडता येतात, आम्ही जोडलीही आहेत, पण ऐन महिनाअखेरीला खिशात पैसे असावे लागतात.

अशाच एका खाड्यात हे गावातल्या दवाखान्यात दुखणं मारायचं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊ लागले. कधी आठवड्यातून दोनदा. मला पत्ता नाही. वर्षाच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन वाढून २.१ निघालं. त्या इंजेक्शनांचं मूत्रपिंडावर आलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही लक्ष कसं दिलं नाही?" मी काही बोलले नाही, पण ते वाक्य अजून टोचतं. आता ती इंजेक्शनं कायमची बंद. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं जोरदार औषध काही दिवस चाललं होतं. २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि तालुक्याच्या मेडिकलवाल्यांनी ठेवायचंच सोडलं. एकानं चिठ्ठी हातात घेऊन यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नशेखोराकडे पाहावं तसं. यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

फौजेत दुखतंय म्हणायची सवय मोडलेली असते. डॉक्टर विचारतात, "कसं आहे, हवालदारसाहेब?" हे ताठ बसून म्हणतात, "ठीक आहे, सर." कागदावर "ठीक" लागतं आणि डोस वाढायचा राहून जातो. मी अंगणवाडीत अठरा वर्षं रजिस्टर लिहिलीत, वजनं, उंची, हजेरी. मग एक वही दुखण्याची केली. तारीख, कॅप्सूल किती होत्या, किती तास झोप, आणि शून्य ते दहात दुखणं किती. आकडा हे कधीच सांगत नसत, मीच अंदाजानं टाकायची. सहा म्हणजे जेवताना घास हातात राहतो. आठ म्हणजे उशीचं टोक दातात.

मागच्या खेपेला ती वही मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. नव्या मॅडम आहेत, तरुण. त्यांनी सात पानं वाचली, बोलल्या नाहीत, मग खाड्याच्या दिवसांवर बोट ठेवत विचारलं, "या तारखांना औषध नव्हतं?" अकरा महिन्यांत सदतीस दिवस. त्यांनी त्याची प्रत मागितली. साठ्याची मागणी करताना जोडते म्हणाल्या.

सध्या पुन्हा तुटवडा आहे. मॅडमना फोन करून विचारलं, त्यांच्या सांगण्यावरून सकाळची कॅप्सूल थांबवून फक्त रात्रीची चालू ठेवली आहे. परवाची रात्र त्यातलीच.

काल जेवण झाल्यावर मी वही उघडली आणि पेन शोधत होते. हे पाय काढून बाजूला ठेवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सात लिही."

मी लिहिलं. आज गुरुवार, डब्यात चार कॅप्सूल आहेत. सोमवारी पहिली एसटी पावणेसातची.