शिरोड्याचं मीठ

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला जाणारा पर्यटक वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात फोटो काढतो, रेडीच्या गणपतीला हात जोडतो, जमलंच तर आरवलीला वेतोबासमोर केळ्यांचा घड ठेवतो आणि तेरेखोलच्या बाजूने गोव्यात उतरतो. यात वाईट काहीच नाही. पण त्याच गावात मिठागरं आहेत, उन्हाळाभर तिथे माणसं राबत असतात, आणि कुणी घटकाभर थांबून बघतही नाही, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून हा लेख.

आम्ही मार्चच्या शेवटी गेलो होतो. गोव्यातले दिवस नात्यातल्या लग्नात गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. परतताना शिरोड्यात मुक्काम केला तो केवळ मिठागरासाठी. घरगुती निवासाच्या वहिनींनी सांगितलं होतं, "लवकर जा, अकरानंतर उभा राहवूचा नाय." खरंच होतं ते. साडेनऊलाच बांधावरची माती तापायला लागली होती, आणि पांढऱ्या वाफ्यांवरून येणारी तिरीप डोळ्यांत खुपत होती.

मिठागर म्हणजे समुद्राचं पाणी वाळवायचं, मीठ गोळा करायचं, अशी माझीही शाळकरी समजूत होती. प्रत्यक्षात सगळी करामत पाणी पुढे कधी सोडायचं आणि बाहेर कधी काढायचं यात आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी आत घेतात. आधी ते मोठ्या, पसरट तळ्यांत तापत राहतं. मग टप्प्याटप्प्याने लहान तळ्यांत, आणि सगळ्यांत शेवटी चोपून चोपून गुळगुळीत केलेल्या मातीच्या चौकोनी वाफ्यांत. या प्रत्येक टप्प्याला कारण आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यातलं आपलं खाण्याचं मीठ सुमारे २७ ग्रॅम. बाकीचे वेगळे. पाणी आटत गेलं की आधी चुन्याचा कार्बोनेट खाली बसतो, मग जिप्सम, म्हणजे ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात ते. मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो तेव्हा कुठे मीठ धरायला लागतं. जिप्सम आधीच्या तळ्यातच मागे राहावं म्हणून तर इतकी तळी. आम्ल अधिक अल्कली बरोबर क्षार अधिक पाणी, हे समीकरण मी शाळेत घोकलं होतं, पण वेगवेगळे क्षार आपापली पाळी आल्यावर एकाच पाण्यातून वेगळे होतात हे कुणी दाखवलं नव्हतं.

मोठ्या कारखान्यांत पाण्याची घनता काचेच्या हायड्रोमीटरने मोजतात. बोमे हे त्या घनतेचं माप. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन बोमे अंशांचं, आणि मीठ पडतं पंचविसाच्या आसपास. इथे एक साठीच्या काकी वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या आणि ओंजळीत पाणी घेऊन सोडत होत्या.

"काकी, कसं कळतं तुम्हाला?"

"पाणी जड जाता गो. हातातसून पडताना कळता."

मीही ओंजळ बुडवली. पाणी कोमट होतं आणि तेल लागल्यासारखं बोटांना धरून राहत होतं. हात वाऱ्यावर धरला तर मिनिटभरात बोटांच्या पेरांवर पांढऱ्या रेघा उमटल्या. काकींच्या तळव्यांना मात्र भेगा होत्या, आणि त्या भेगांतून रोज हेच पाणी जातं. जखमेवर मीठ चोळणं आपण बोलता बोलता म्हणून जातो. तिथे ते बघितल्यापासून मला तो वाक्प्रचार सहज वापरवत नाही.

वारा पडल्यावर त्यांनी मला पाण्याच्या अगदी जवळ वाकायला लावलं. पाण्यावर नखाएवढे चौकोन तरंगत होते, काचेचे असावेत असे. नीट बघितलं तर प्रत्येक चौकोन मध्ये खोलगट, आणि त्याच्या आत एकात एक पायऱ्या उतरत गेलेल्या. वाफ पृष्ठभागावरून जाते, त्यामुळे पहिला कण तिथेच धरतो. तो वजनाने जरासा बुडतो, पाण्याला लागलेल्या त्याच्या कडा वाढतात, तो आणखी बुडतो, पुन्हा कडा वाढतात. असा उलटा पिरॅमिड तयार होतो. आमच्या डोळ्यांसमोर दोन चौकोन सरकत सरकत एकमेकांना चिकटले, आणि समोरून झुळूक आल्याबरोबर दोन्ही गपकन तळाला गेले. उन्हात पाठ भाजत असूनही मला तिथून उठावंसं वाटेना.

मग काकींनी शेजारच्या वाफ्यातलं, मीठ ओढून झाल्यावर उरलेलं पाणी चाखायला दिलं. जिभेवर ठेवताच कडूजहर. मीठ धरून झाल्यावर मागे राहतात ते मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार. ते पाणी वेळेवर काढून टाकलं नाही तर सगळं मीठ कडवट होतं. लोभ धरून शेवटच्या थेंबापर्यंत आटवणाऱ्याचं मीठ कुणी घेत नाही. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ कडेला ओढतात, बांधावर ढीग घालतात आणि तसंच निथळू देतात. निथळताना उरलासुरला कडूपणाही पाझरून जातो. पावसाळ्यात आपल्या बरणीतलं जाडं मीठ पाणी सोडतं, त्यातही या मॅग्नेशियमचा मोठा हात असतो. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय ओलावा धरत नाही, मॅग्नेशियम क्लोराइड मात्र तेहतीस टक्क्यांनाच पाझरायला लागतं. अर्थात कोकणातल्या आषाढात दोघांचंही पाणीच होणार.

याच शिरोड्यात मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. दांडी सगळ्यांना पाठ असते, शिरोडा कोकणाबाहेर फारसं कुणाला आठवत नाही. आजूबाजूला सावंतवाडी संस्थान असलं तरी वेंगुर्ला आणि शिरोडा थेट ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होतं, म्हणून इथला कायदेभंग सरकारला थेट झोंबला. ठिकठिकाणचे सत्याग्रही इथे आले, मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मे महिन्यात. मार्चमध्ये सकाळी दहाला मला उभं राहवत नव्हतं, आणि ती माणसं भर मेच्या उन्हात याच खारट चिखलात उतरली होती. ढिगाजवळ उभी असताना मला राहून राहून तेच दिसत होतं.

मी काकींकडे खायला किलोभर मीठ मागितलं. त्यांनी मान हलवली. "ह्या खावक विकूक गावना नाय. माडांक घालतत, आंब्यांक घालतत, मासे खारवतत."

कायदा तसाच आहे. २००६ पासून देशभर आयोडीन न घातलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला बंदी आहे. ज्या गावाने मिठासाठी मार खाल्ला त्या गावचं मीठ त्याच गावाला राजरोस विकत घेऊन खाता येत नाही, हे ऐकून पोटात तुटलं. पण म्हणून आयोडीनवर राग धरणाऱ्यांतली मी नाही. आदल्याच दिवशी गोव्यात एका चकचकीत दुकानात काचेच्या बाटलीतलं समुद्री मीठ बघितलं होतं. वर लिहिलेलं, नैसर्गिक आयोडीनयुक्त, रसायनविरहित. किंमत तीनशेच्या वर. ही शुद्ध फसवणूक आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात आयोडीन एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतं, त्यातून मिठात काय येणार? आपल्या पाकिटावर किलोला किमान पंधरा मिलिग्रॅमचा दंडक आहे, आणि ते पोटॅशियम आयोडेट घालूनच भरावं लागतं. आयोडीन कमी पडल्याने गळा सुजतो, त्या गलगंडाविरुद्धचा सरकारी कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. तिथे निसर्गाच्या गप्पा मारू नयेत. मला वाटतं ते इतकंच, की लहान मिठागरांना स्वतःच्याच मिठात आयोडेट मिसळून विकता येईल अशी सोय आणि मदत असायला हवी. मग काकींचं मीठ ताटात येईल आणि गळ्यालाही बाधणार नाही.

रात्री वहिनींनी निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा वाढला, सोबत उकड्या तांदळाची पेज आणि बरणीतल्या मिठाच्या पाण्यातली कैरी. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं, जंतूंच्या पेशींतलंही, म्हणून खारवलेला मासा पावसाळाभर टिकतो. होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात त्या महिन्यांत कोकणातल्या कित्येक घरांचं जेवण यावर चालत आलंय. सप्ततारांकित हॉटेलातली कुठलीही थाळी मी या पेजेवरून ओवाळून टाकीन. वहिनींनी जेवणाचे पैसे वेगळे घेतले नाहीत, आणि जाताना सगळ्यांवरून मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली ती वेगळीच.

जायचं असेल तर फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत जा, पहिल्या पावसानंतर तिथे नुसती पाण्याची तळी असतात. बांधावरून चाला, वाफ्यात पाय घालू नका, चपलेचा एक ठसा म्हणजे चोपलेल्या मातीची कितीतरी मेहनत फुकट, आणि वर मिठात चिखल. फोटोआधी विचारा. घरी माड असेल तर गोणभर मीठ घ्या आणि घासाघीस करू नका. मी मुलुंडला राहते, भांडुप-कांजूरची मिठागरं महामार्गावरून रोज दिसतात, आणि तिथे इमारती उभारायच्या योजना वाचते तेव्हा घरांची गरज मला कळते. तरीही भरतीचं पाणी मावायला शहराकडे उरलेल्या मोजक्या जागांपैकी त्या आहेत, आणि तिथे भराव टाकण्याआधी कुणीतरी निर्णय घेणाऱ्यांना एक सकाळ काकींच्या वाफ्याशी उकिडवं बसवायला हवं.