रटाळ की संथ

आज दिवसभर एकच शब्द डोक्यात घोळतोय, रटाळ.

काल रात्री झोपायच्या आधी मोबाईल बघितला तर एका लेखिकेचा मेसेज. महिन्याभरापूर्वी त्यांच्या कादंबरीवर गुडरीड्सवर (वाचक पुस्तकांना तारे देतात, मत लिहितात ती वेबसाइट) चार ओळी खरडल्या होत्या, तीन स्टार दिले होते, त्यावरून. भाषा अगदी सौम्य. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत, शेवट आवडला म्हणता, मग तीनच का? बस्स, एवढंच. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, ब्लॉक करून गप झोपलो असतो.

आता गंमत अशी की गुडरीड्सवर तीन म्हणजे 'आवडलं'. खरंच! ताऱ्यांवर कर्सर नेला की दिसतं, दोन म्हणजे ठीक, चार म्हणजे खूप आवडलं. पण वाचतं कोण ते, आपण सगळे शाळेतले मार्क बघितल्यासारखे बघतो, पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे घरी सांगायची सोय नाही. आणि लेखकाला तर बहुतेक सरासरीचा तो एक आकडाच दिसत राहतो.

मी रिव्ह्यू लिहितो तो पुढच्या वाचकासाठी, म्हणजे पुस्तक हातात धरून घेऊ की नको करत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हळूच सांगावं तसं. लेखक पाठीमागे उभा राहून ऐकतोय हे काल रात्रीपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. पूर्वी वाचकाचं पत्र प्रकाशकामार्फत जायचं, पोचेपर्यंत दोघांचाही पारा उतरलेला असायचा. आता मध्ये कोणीच नाही.

तसे लेखकही काही कमी नाहीत म्हणा, अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये स्वतःच्याच 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' या कवितासंग्रहाची निनावी परीक्षणं लिहिली होती, भरपूर स्तुती करून! पण आपण वाचक तरी कुठले संत. २०२३ मध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्टच्या, बाजारात यायच्या होत्या अशा कादंबरीला गुडरीड्सवर शेकडो लोकांनी एकेक स्टार दिला, कारण काय तर युक्रेनचं युद्ध चालू असताना गोष्ट रशियात घडते. वाचली कोणीच नव्हती. तिने प्रकाशनच थांबवलं.

असो. तर रात्री परत उठलो, रिव्ह्यू उघडला आणि 'सुरुवात रटाळ' होतं ते 'सुरुवात संथ' केलं. सकाळी वाचून बघितलं तर कसंतरीच वाटलं. संथ नदी असते, मला त्या पहिल्या सत्तर पानांत दोनदा झोप लागली होती. मग जेवणाच्या सुट्टीत परत रटाळ केलं. तेव्हा लक्षात आलं की मी नुसतं रटाळ लिहून मोकळा झालो होतो, का रटाळ ते कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणून दोन वाक्यं वाढवली, की नातेवाइकांची ओळखच संपत नाही, आणि त्यातले निम्मे पुढे परत येतही नाहीत, पण एकदा आजी बोलायला लागली की पुस्तक खाली ठेववत नाही. हे तेव्हाच लिहायला काय झालं होतं देव जाणे. तारे तीनच ठेवलेत.

मेसेजचं उत्तर मात्र अजून गेलेलं नाही. दोनदा टाइप करून पुसलं. 'मॅडम' म्हणू की नुसतं 'नमस्कार', तिथेच गाडी अडलीये.