सरळ हॉस्पिटलात का नाही नेलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. खरं तर पुन्हा एकदा लिहिते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये घरोघरी बाळंतपणं करणाऱ्या सुईणींच्या आठवणींवर मी कुठेही बोलले, की शेवटी कुणीतरी हेच विचारतं : "बाळंतपणात बाईच्या अंगावरून इतकं रक्त जात होतं, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर होतं, मग सरळ उचलून का नाही नेलं? घरी ठेवायचा अडाणीपणा कशाला?" हा राग त्या बाईच्या काळजीपोटी असतो, ते मला कळतं. पण उत्तर दोन वाक्यांत मावत नाही.

आधी अडाणीपणाचं बघू. 'सुईण' म्हटलं की आपल्याला गावातली अनुभवी म्हातारी आठवते. पूर्व लंडनमधल्या पॉप्लर-स्टेपनीच्या गल्ल्यांतून सायकलला काळी बॅग अडकवून जाणारी बाई वेगळी होती. नर्सिंग झालेलीलाही वर आणखी एक वर्ष शिकावं लागे, सहा-सहा महिन्यांचे दोन भाग, आणि मग सेंट्रल मिडवाइव्ज बोर्डाची परीक्षा. १९३६च्या कायद्यानं नगरपालिकांना पगारी सुईणी पुरवणं बंधनकारक झालं होतं. काय करायचं, काय करायचं नाही आणि डॉक्टरला कधी बोलवायचं, हे नियमात लिहिलेलं होतं.

आता हॉस्पिटल. ५ जुलै १९४८ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, पैसे लागेनासे झाले, पण खाटा एका दिवसात वाढत नाहीत. पुढची दहा-बारा वर्षं साधारण तीनातलं एक बाळ घरीच जन्मलं. पहिलटकरणीला खाट मिळे. जिला चार पोरं होती आणि पाचवं होणार होतं, तिला खरी गरज होती. नियमही तिला हॉस्पिटलात घ्या असंच सांगत. पण तीच यायला तयार नसे. नवरा पहाटे गोदीच्या फाटकाशी उभा राहायचा, त्या दिवसाचं काम मिळालं तर मिळालं. मग घरातल्या चौघांना बघणार कोण? ही बाई हट्टी नव्हती. तिचा हिशेब बरोबर होता.

तर अशीच एक बाई डोळ्यांसमोर आणा. हा कुणा एकीचा प्रसंग नाही. असं वारंवार घडे. तिसरा मजला, दोन खोल्या, नळ जिन्याच्या वळणावर, संडास खाली अंगणात. पाणी गॅसच्या शेगडीवर, मीटरमध्ये नाणं टाकून तापवलेलं. गादीवर तपकिरी कागद आणि वर्तमानपत्रांच्या घड्या अंथरलेल्या. पाचवं बाळ पटकन झालं, रडलं, नाळ बांधून कापली. अडचण इथून पुढे सुरू होते.

बाळामागून वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, पडायला वीस मिनिटं, अर्धा तास लागू शकतो. तेवढा वेळ सुईणीनं डावा हात पोटावर, गर्भपिशवीच्या वरच्या टोकावर नुसता ठेवायचा. चोळायचं नाही, दाबायचं नाही, नाळ ओढायची नाही. पिशवी गोल, कडक होऊन वर सरकली, नाळ बाहेर लांबली, थोडं रक्त एकदम आलं, की वार सुटली असं समजायचं. शिकाऊ मुलींची चूक होई ती इथेच. घाईनं पोट चोळलं की वार अर्धवट सुटते. सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि उरलेली वार आत असल्यामुळे पिशवीला आवळता येत नाही. दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असतं. मग किती मिनिटं हातात उरतात, ते मोजून बघा.

एक पाइंट, म्हणजे साधारण ५६८ मिलीलिटर रक्त गेलं की त्याला रक्तस्राव म्हणायचं, असा तेव्हाचा नियम. पण मोजणार कसं? तामचिनीच्या भांड्यात येतं तेवढंच दिसतं. जुन्या पलंगाची गादी मध्ये खोल गेलेली असते. रक्त पाठीखाली साचतं, कागदाच्या कडेनं झिरपून गादीत मुरतं. म्हणून भांड्यावर नाही, नाडीवर नजर ठेवायची. ९०, १००, मग १२०. ओठ पांढरे, कपाळावर गार घाम, आणि बाई जांभया देऊ लागते.

सुईण काय करते? कॅथेटरनं लघवी काढते, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. आता मात्र पोट चोळून पिशवी कडक करते. पिशवी आवळणारं औषध, अर्गोमेट्रिन, अर्धा मिलिग्रॅम स्नायूत देते; त्याचा असर व्हायला सहा-सात मिनिटं लागतात. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून तो उचलून घेते. तिला खोली सोडता येत नाही, म्हणून चिठ्ठी लिहून नवऱ्याला नाक्यावरच्या फोनकडे पळवते : पत्ता, मजला, वार अडकलीय, रक्त जातंय, नाडी इतकी. शेजारीण मायेनं गोड चहा घेऊन येते. तो परत पाठवावा लागतो, कारण पुढे भूल द्यायची वेळ आली आणि उलटी श्वासात गेली तर बाई त्यानंच जाईल.

आणि इथेच तुमचा प्रश्न येतो. गाडी बोलवा, न्या की!

नेलेल्या बायका वाटेत मेल्या म्हणून नेत नव्हते. रक्त गेलेल्या, गळून गेलेल्या बाईला तीन जिने उतरवणं, वळणावर स्ट्रेचर तिरपं करणं, दगडी रस्त्यावरून हादरे देत नेणं, यात तिच्या शरीरानं कसाबसा टिकवलेला रक्तदाब कोसळतो. हे शहाणपण फार महाग पडून आलं होतं. म्हणून उलटी व्यवस्था उभी राहिली : हॉस्पिटलच बाईकडे जाईल. १९३०च्या दशकात स्कॉटलंडातल्या बेल्सहिल आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये अशी फिरती पथकं सुरू झाली, आणि युद्धानंतर त्यांचं जाळं पसरलं. डॉक्टर, नर्स, भुलीचं सामान आणि काचेच्या बाटल्यांतलं ओ निगेटिव्ह रक्त. बाटली टांगायला भिंतीवरचा खिळाही चाले. आधी रक्त चढवायचं आणि नाडी खाली येईपर्यंत थांबायचं. मग भूल देऊन, एक हात पोटावर पिशवीला आधार देत, दुसरा हात नाळेच्या मागानं आत घालून वारेची कड शोधायची आणि बोटांच्या कडेनं ती अलगद सोडवायची. बाहेर आली की सपाट जागेवर पसरून एकही तुकडा मागे राहिलेला नाही ना, ते बघायचं. वार त्याच पलंगावर काढायची, की नाडी सुधारल्यावर बाईला न्यायचं, हे डॉक्टर ठरवी. नेण्याचा विचार होई तो रक्त चढल्यावर.

म्हणजे हॉस्पिटल नाकारलं नव्हतं, ते जिना चढून वर आणलं होतं. एवढंच मला सांगायचं असतं.

तरी कबूल करते, पूर्वी मी यापुढे जाऊन बोलत असे. घरचं बाळंतपणच चांगलं, असं लिहिलंही. कळा कमी करायला बाईनं स्वतः हुंगायच्या गॅस आणि हवेच्या यंत्राचं, मिनिट नावाच्या डॉक्टरनं काढलेल्या, भरभरून कौतुक केलं. बाईच्या हाती वेदनेचा ताबा आला, असं म्हटलं. त्या मिश्रणात निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मी हवा, म्हणजे ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या आसपासच, साध्या हवेतल्या निम्माच, उरायचा. हे मी तेव्हा सांगायलाच हवं होतं. बाळंतिणींचे मृत्यू १९३५नंतर झपाट्यानं घटले त्यात सल्फाची औषधं, पेनिसिलिन, रक्तपेढ्या, गरोदर बाईला मिळणारं जादा दूध, सगळ्यांचा वाटा होता; मी सगळं श्रेय सायकलवरच्या बाईला देऊन मोकळी झाले होते. १९५९च्या सरकारी क्रॅनब्रुक समितीनं सत्तर टक्के बाळंतपणं हॉस्पिटलात व्हावीत असं म्हटलं आणि १९७०च्या पील अहवालानं सगळीच. या दोन अहवालांवर मी तेव्हा चिडले होते. आता पहिल्यावर चिडत नाही. दुसऱ्यावर अजून चिडते, आणि का ते मला पुराव्यानं नीट मांडता येत नाही.

पहिल्यावर का चिडत नाही? कारण ही सगळी व्यवस्था एका चिठ्ठीवर, एका फोनवर आणि मोकळ्या रस्त्यावर टेकलेली होती. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुरकं बसलं. बससमोर कंडक्टर दिवा धरून चालत होता. त्या रात्रींमध्येही बाळं जन्मली, सुईणी भिंती चाचपत पोचल्या. पण कुणाची वार अडकली असेल, चिठ्ठी गेली असेल, रक्ताच्या बाटल्या गाडीत असतील आणि गाडी धुरक्यात पावलापावलानं सरकत असेल, तेव्हा वर तिसऱ्या मजल्यावर बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून बसलेल्या त्या सुईणीला तुमचाच प्रश्न पडला असेल.